केस लवकर वाढावेत म्हणून घरी काय करावं? आधी गळणं आणि तुटणं वेगळं करून पाहा

प्रश्न असा आहे: "सहा महिने नेमानं तेल लावते, कांद्याचा रसही लावून पाहिला, तरी केस खांद्याच्या खाली उतरत नाहीत. नैसर्गिक उपायांनी केस लवकर वाढवता येतात का? काय लावायचं, किती आणि किती दिवस?"

तुमचे केस वाढत आहेत, हे आधी सांगतो. निरोगी टाळूवरचा केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर. सहा महिन्यांत मुळाकडून सहा-सात सेंटिमीटर नवा केस बाहेर आलाच असणार. केस रंगवणाऱ्यांना हे डोळ्यांनी दिसतं, कारण दीड-दोन महिन्यांत मुळाशी बिनरंगाची पट्टी उमटते. तरीही लांबी जिथल्या तिथे राहत असेल, तर वर जेवढं वाढतंय तेवढंच खाली टोकाकडून तुटून जातंय. अशा वेळी टाळूवर कितीही रस आणि लेप चोपडले तरी लांबीत फरक पडत नाही, कारण नुकसान होतंय ते टोकाकडे.

म्हणून काहीही लावण्याआधी एक तपासणी करा. तिला तीन दिवस लागतात आणि ती केल्याशिवाय पुढचा कोणताही उपाय निवडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गळतात की तुटतात?

विंचरताना, न्हाताना आणि उशीवर जे केस निघतात ते तीन दिवस एका कागदी पाकिटात जमवा. मग केसांच्या रंगाच्या विरुद्ध रंगाच्या कापडावर पसरून एकेक केसाची दोन्ही टोकं पाहा. आपोआप गळलेल्या केसाच्या एका टोकाला पांढरट, बारीक गाठीसारखा कंद असतो. तो "मूळ उपटून आलं" म्हणून घाबरवतो, पण तसं काही नसतं. आयुष्य संपलेल्या केसाचं ते बूड असतं आणि केसाचं खरं मूळ कातडीतच राहिलेलं असतं. तुटलेल्या केसाला दोन्हीकडे कंद नसतो, तो बहुधा आखूड असतो आणि टोक झुबकेदार किंवा चिरलेलं दिसतं.

रोज ५० ते १०० केस गळणं साहजिक आहे. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात, त्या मानानं हे फार नाही. तीन-चार दिवसांनी न्हात असाल तर मधल्या दिवसांचे अडकून राहिलेले केसही त्या दिवशी एकदमच निघतात, म्हणून फक्त न्हाण्याच्या दिवसाचा ढीग पाहून निष्कर्ष काढू नका.

आता ढीग काय सांगतो ते पाहा. आखूड, बिनकंदाचे तुकडे जास्त असतील तर तुमची अडचण तुटण्याची आहे. लांबच लांब, कंदासकट केस खूप असतील तर गळण्याची. ढीग फार मोठा नाही, पण भांग रुंदावत चाललाय, शेपटी हातात पूर्वीपेक्षा बारीक लागते आणि नवे केस तलम येताहेत, तर केस विरळ होण्याची आनुवंशिक प्रक्रिया सुरू असू शकते. तिन्हींची औषधं वेगळी आहेत.

आणखी एक छोटी चाचणी. एक दिवस न न्हालेल्या केसांतली ५०-६० केसांची बट अंगठा आणि दोन बोटांत मुळाशी धरा आणि हलकासा ताण देत टोकापर्यंत बोटं सरकवा. सहापेक्षा जास्त केस हातात आले तर सध्या गळण्याचा जोर आहे. डोक्याच्या तीन-चार जागी करून पाहा.

वेग खरंच बदलतो का?

केसाचं एक चक्र असतं. वाढीची अवस्था साधारण दोन ते सहा वर्षं टिकते, मग दोन-तीन आठवडे वाढ थांबण्यात जातात, त्यानंतर सुमारे तीन महिने केस नुसता जागेवर बसून राहतो आणि शेवटी गळतो. डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. केस जास्तीत जास्त किती लांब होईल हे ही वाढीची अवस्था किती वर्षं चालते यावर ठरतं आणि ते बहुतांशी जन्मतःच ठरलेलं असतं.

केसाचं मूळ टाळूच्या पृष्ठभागापासून काही मिलिमीटर खोल असतं. त्याला खाणंपिणं पोचतं ते रक्तवाहिन्यांतून. वरून चोळलेलं खोबरेल तिथे जाऊन "मुळांना पोषण" देत नाही. बाहेर दिसणारा केस तर मृत प्रथिनाचा धागा आहे. त्याला खाऊ घालता येत नाही, पण झिजण्यापासून वाचवता येतं.

म्हणजे महिन्याला सव्वा सेंटिमीटरचे दोन सेंटिमीटर करणारा घरगुती उपाय नाही. घरी जे साधतं ते असं: वाढलेली लांबी तुटू न देणं, टाळू शांत आणि स्वच्छ ठेवणं, शरीरात काही कमी पडत असेल तर ते भरून काढणं आणि काही बाबतींत केसांची जाडी किंवा घनता थोडी सुधारणं. पहिलं काम नीट झालं तर वर्षभरात दहा-बारा सेंटिमीटरचा फरक दिसतो. "केस भराभर वाढले" असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं.

तुटणं थांबवणं: सगळ्यात जास्त फळ इथे मिळतं

खांद्याखाली ३६ सेंटिमीटर लांब केस असेल तर त्याचं टोक तीन वर्षं जुनं आहे. तीन वर्षं त्यानं शांपू, ऊन, कंगवा, रबर, उशी सगळं सोसलंय. मुळाकडचा केस आणि टोकाकडचा केस यांना एकच वागणूक देऊन चालत नाही.

तेलांपैकी खोबरेल इथे उपयोगी पडतं आणि त्याला कारण आहे. त्यातलं मुख्य आम्ल, लॉरिक आम्ल, लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे केसाच्या आत शिरू शकतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. न्हाण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसातून वाहून जाणारं प्रथिन लक्षणीय कमी झालं ते फक्त खोबरेलामुळे. ओला केस पाण्यानं फुगतो आणि सुकताना आक्रसतो. हे फुगणं-आक्रसणं वारंवार झालं की वरचे खवले उचकटतात. आत शिरलेलं तेल हे फुगणं कमी करतं. म्हणून खोबरेल लावायची योग्य वेळ न्हाण्याआधीची आहे.

प्रमाण: खांद्यापर्यंतच्या केसांना एक ते दोन छोटे चमचे, म्हणजे ५ ते १० मिली. कमरेपर्यंत असतील तर १५ मिलीपर्यंत. तळहातांवर पसरवून कानाच्या पातळीपासून खाली टोकांपर्यंत लावा, शेवटच्या दहा सेंटिमीटरला थोडं जास्त. टाळूला लावलंच पाहिजे असं नाही. किमान अर्धा तास ठेवा, दोन-तीन तास मिळाले तर आणखी बरं. रात्रभर ठेवायला हरकत नाही, फक्त टाळूला कोंडा असेल तर नको. साधारण २४ अंश सेल्सिअसखाली खोबरेल थिजतं, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करा. गॅसवर तापवू नका. हाताच्या आतल्या बाजूला सहज सोसेल इतपतच ऊब हवी.

इथे चूक होते ती अशी. तेल पाच चमचे लावलं की ते काढायला तीन वेळा शांपू लागतो. तीन वेळा शांपूनं चोळण्यात केसांचं जे नुकसान होतं ते तेलानं वाचवलेल्यापेक्षा जास्त असतं. एकदा शांपू लावून तेल निघत नसेल तर समजा की प्रमाण चुकलंय. शांपू फक्त टाळूवर लावा, बोटांच्या पेरांनी चोळा आणि खाली उतरणारा फेस लांबीवरून वाहू द्या. टोकांना तेवढा पुरतो. कंडिशनर उलट: कानाखालच्या लांबीवर, दोन-तीन मिनिटं, टाळू सोडून.

एरंडेलाबद्दल फार विचारलं जातं. एरंडेलानं केस वेगानं वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही. ते अतिशय घट्ट आणि चिकट असतं, त्यामुळे केसावर जाड थर बसतो आणि केस भरदार भासतो. वापरायचं असेल तर एक भाग एरंडेल आणि चार भाग खोबरेल किंवा दुसरं पातळ तेल, यापेक्षा दाट नको. लांब केसांवर नुसतं एरंडेल चोळून वर डोकं गोल गोल चोळत धुतलं, तर केस एकमेकांत लोकरीच्या नमद्यासारखे घट्ट गुंतू शकतात आणि मग ते सुटत नाहीत, कापावे लागतात. असा प्रकार वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला आहे. केस लांब असतील तर ही जोखीम घेऊ नका.

विंचरणं हा दुसरा मोठा मुद्दा. ओला केस जास्त ताणला जातो आणि त्या ताणलेल्या अवस्थेत लवकर तुटतो. गुंता सोडवायचा तो कंडिशनर लावलेला असतानाच, रुंद दातांच्या कंगव्यानं. आधी शेवटचे पाच सेंटिमीटर, मग त्याच्या वरचे, असं खालून वर जा. वरून एकदम ओढलं की सगळ्या गाठी खाली जाऊन एक मोठी गाठ होते आणि ती तोडूनच निघते. कुरळ्या केसांना कोरडं विंचरणं शक्यतो टाळाच. सरळ केस निदान अर्धे सुकू द्या. टॉवेलनं खसाखसा पुसू नका, सुती कापडात केस गुंडाळून दाबून पाणी टिपा. ड्रायर वापरायचा तर १५ सेंटिमीटर लांब धरा आणि हलता ठेवा. ओल्या केसांवर तापलेली इस्त्री फिरवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या गाभ्यात बुडबुडे तयार होतात आणि तो केस बरोबर त्याच जागी मोडतो. या नुकसानीवर कुठलाही लेप चालत नाही.

रोज एकाच उंचीवर घट्ट शेपटी बांधत असाल तर त्या रेषेवर तुटके केस सापडतील. पाहा, बहुतेकांना सापडतात. बांधायची जागा बदलत राहा, उघडं रबर वापरू नका, कापडी गुंडाळीचं वापरा. कपाळाच्या कडेला किंवा कानाजवळ केस विरळ होत असतील तर तो सततच्या ओढीचा परिणाम असू शकतो. लवकर लक्षात आलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढ चालू राहिली तर मूळच मरतं आणि ती जागा कायमची रिकामी राहते.

टोकं कापल्यानं केस लवकर वाढतात हा गैरसमज आहे, कारण कात्री मुळापर्यंत पोचत नाही. पण फाटा फुटलेलं टोक तसंच सोडलं की चीर वर वर सरकते आणि केस आणखी वरून तुटतो. तीन-चार महिन्यांतून अर्धा ते एक सेंटिमीटर कापलं तर तेवढ्या काळात वाढलेल्या साडेतीन-चार सेंटिमीटरपैकी बहुतेक हाती राहतात.

टाळूसाठी: रोझमेरी आणि मालिश

टाळूवर लावायच्या वनस्पतींत ज्याला थोडाफार आधार आहे अशी रोझमेरी आहे. २०१५ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. आनुवंशिक टक्कल पडू लागलेल्या १०० जणांपैकी निम्म्यांनी रोझमेरीचं तेल आणि निम्म्यांनी २ टक्के मिनॉक्सिडिल (केसगळतीसाठी टाळूवर लावायचं औषध) सहा महिने लावलं. तिसऱ्या महिन्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. सहाव्या महिन्यात दोन्हींत केसांची संख्या वाढली आणि दोन गटांत लक्षणीय तफावत नव्हती. ऐकायला फार छान वाटतं, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. काहीच न लावणारा गट या चाचणीत नव्हता आणि तुलना होती ती मिनॉक्सिडिलच्या सौम्य मात्रेशी. म्हणून मी रोझमेरीला "करून पाहण्याजोगं" म्हणेन, त्यापुढे नाही. चाचणीतून नक्की शिकण्यासारखं एक आहे: तीन महिन्यांत सोडून दिलं तर काहीच कळणार नाही.

तयार करायची रीत: ३० मिली पातळ वाहक तेल घ्या (जोजोबा, द्राक्षबियांचं किंवा बदामाचं). त्यात रोझमेरीचं अर्कतेल (वनस्पतीचं तीव्र सुगंधी तेल, इसेन्शियल ऑइल) ६ थेंब. हे साधारण १ टक्का होतं. चार आठवडे काही त्रास झाला नाही तर १२ थेंबांपर्यंत, म्हणजे २ टक्क्यांपर्यंत जा. त्यापुढे थेंब वाढवून फायदा वाढत नाही, आग आणि पुरळ मात्र वाढते. अर्कतेल कधीही निव्वळ टाळूवर टाकू नका. गडद काचेच्या बाटलीत, उन्हापासून दूर ठेवा. एका वेळी अर्धा ते एक छोटा चमचा, भांग पाडत पाडत थेट टाळूवर. एक दिवसाआड, तासभर ठेवून धुतलं तरी चालतं.

अर्कतेल मिळत नसेल तर वाळलेल्या पानांचं तेल काढता येतं. १० ग्रॅम पूर्ण वाळलेली पानं काचेच्या बरणीत घाला, वर १०० मिली तेल ओता, बरणी मंद तापलेल्या पाण्यात दीड-दोन तास ठेवा, गार झाल्यावर फडक्यानं गाळा. ताजी पानं घातली तर त्यातल्या पाण्यामुळे तेलाला बुरशी येते किंवा ते खवट होतं. हीच चूक सर्वांत जास्त होते. असं तेल दोन महिन्यांत संपवा आणि खवट वास आला की फेकून द्या. ते अर्कतेलाइतकं तीव्र नसतं, म्हणून त्याकडून अपेक्षाही बेताचीच ठेवा.

लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ लावून पाहा. ४८ तास ही कमीत कमी मुदत, आठवडाभर पाहिलं तर उत्तम. ॲलर्जीची पुरळ पुष्कळदा पहिल्या दिवशी येतच नाही. गरोदरपणात आणि लहान मुलांना अर्कतेलं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

टाळूला तेलकट, पिवळसर खवले किंवा खाज असेल तर तेलाचा सगळा कार्यक्रम थांबवा. कोंडा वाढवणारी मॅलेसेझिया ही बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच जगते. "टाळू कोरडी पडलीय, म्हणून तेल" असं समजून तिलाच खाऊ घातलं जातं आणि खाजवून खाजवून केस आणखी गळतात. आधी किटोकोनॅझोल किंवा झिंक पायरिथिऑन असलेला शांपू आठवड्यातून दोनदा, फेस तीन ते पाच मिनिटं टाळूवर ठेवून, चार आठवडे वापरा. टाळू शांत झाल्यावर बाकीचं.

मालिशीला तेल लागतंच असं नाही. २०१६ सालच्या एका छोट्या अभ्यासात नऊ पुरुषांनी रोज चार मिनिटं, २४ आठवडे टाळूची मालिश केली. केसांची सरासरी जाडी ०.०८५ मिलिमीटरवरून ०.०९२ मिलिमीटर झाली. नऊच जण होते, त्यामुळे त्यावर इमले बांधायला नकोत. पण खर्च नाही, धोका नाही, तेव्हा करायला काय हरकत आहे? बोटांची पेरं टाळूवर टेकवा आणि कातडीच कवटीवरून हलवा. बोटं केसांवरून घासली गेली की गुंता होतो. नखं वापरू नका. कपाळाच्या कडेपासून मागे, मग कानांवरून शेंड्याकडे, शेवटी मानेकडे, प्रत्येक जागी पंधरा-वीस सेकंद. गळण्याचा जोर असताना मालिशीत थोडे केस हाती येतील. ते आधीच सुटलेले असतात.

कांद्याचा रस कुठे चालतो

तुम्ही तो लावलात आणि गुण आला नाही, यात तुमचं काही चुकलं नाही. कांद्याच्या रसाचा जो अभ्यास सगळीकडे सांगितला जातो तो २००२ सालचा आहे आणि तो चाईवर झाला होता, म्हणजे नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडतात त्या आजारावर. रस दिवसातून दोनदा, दोन महिने लावला. रसाच्या गटात २३ जण होते आणि त्यातल्या बहुतेकांना सहा आठवड्यांत त्या जागी केस आले. साधं पाणी लावलेल्या १५ जणांत फार थोड्यांना आले. चाई आपोआपही भरून येते, गट लहान होता, हे धरूनही निकाल लक्ष देण्यासारखा आहे. पण लांबी वाढण्याशी किंवा तुटण्याशी त्याचा संबंध नाही.

चाईच्या चट्ट्यावर लावायचा असेल तर मध्यम कांदा किसून फडक्यातून पिळा, चोथा अजिबात राहू देऊ नका, कापसानं फक्त चट्ट्यावर लावा, १५ ते २० मिनिटांनी धुवा. रोज ताजा काढा. रात्रभर ठेवून वर प्लॅस्टिकची टोपी घातली तर कातडी भाजल्यासारखी लाल होते. लसणाच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा आहे. कच्चा लसूण बांधून ठेवल्यानं खरोखरचे फोड येतात.

मेथी, कोरफड, तांदळाचं पाणी

ही तिन्ही केसांना मऊपणा आणि घसरण देतात, वाढ देत नाहीत. तुटण्याची तक्रार असेल तर तेवढंही उपयोगाचं आहे. दोन मोठे चमचे मेथी रात्रभर भिजवून अगदी गंधासारखी बारीक वाटा, गाळा आणि त्यातला बुळबुळीत भागच लांबीवर २० ते ३० मिनिटं ठेवा. भरड राहिली तर कण केसांत अडकतात आणि ते काढताना केस तुटतात. शेंगदाणा किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्यांनी मेथीपासून दूर राहावं. कोरफडीचं पान कापून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा, म्हणजे सालीखालचा पिवळा चीक निथळतो. खाज येते ती त्या चिकामुळेच, गरामुळे क्वचित. तांदळाचं पाणी आठवड्यातून एकदा, २० मिनिटं, भरपूर पाण्यानं धुऊन. वारंवार लावलं तर त्याचा थर बसून केस ताठ, काडीसारखे होतात आणि वाकवले की मोडतात.

अंड्याचा लेप मी सुचवत नाही. त्यातल्या प्रथिनाचे रेणू केसात शिरण्यापलीकडचे मोठे असतात, आणि गरम पाण्यानं धुतलं तर अंडं केसांतच शिजतं.

लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा टाळूवर नको. लिंबाची आम्लता साधारण २ पीएचची (पीएचचा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त), सोड्याचं पाणी ८ च्या वरचं, आणि टाळूची स्वतःची साडेपाचच्या आसपास. सोड्यानं केसाचे खवले उघडतात, केस रुक्ष होतो. लिंबू लावून उन्हात गेलं तर कातडीवर जळल्यासारखे काळे डाग पडू शकतात.

पोटातून काय जायला हवं

गळण्याची तक्रार असेल तर हाच भाग महत्त्वाचा. केस हे प्रथिन आहे आणि शरीराला टंचाई जाणवली की ते सर्वांत आधी केसांचा पुरवठा तोडतं, कारण केसांवाचून अडत नाही. प्रौढ माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिन लागतं. ६० किलो वजनाला ४८ ग्रॅम. दोन अंड्यांत साधारण १२ ग्रॅम, एक कप शिजलेल्या मसुरीत सुमारे १८, पाव लिटर दुधात ८. एक दिवस खरंच लिहून बघा, आकडा बहुधा वाटतो त्यापेक्षा कमी भरतो. झटपट वजन उतरवणाऱ्या उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीनं गळतात ते याचमुळे.

लोहाची कमतरता, विशेषतः पाळी जास्त जाणाऱ्या बायकांत, हे गळण्यामागचं नेहमी सापडणारं कारण आहे. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठ्यातलं लोह कमी असू शकतं, म्हणून फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. लोहाचं खाणं असेल तेव्हा बरोबर क जीवनसत्त्वाचं काही घ्या आणि चहा-कॉफी तासभर दूर ठेवा. गोळ्या तपासणीशिवाय सुरू करू नका, शरीरात साठलेलं जादा लोह अपायकारक असतं. तसंच जस्ताचं: प्रौढ बाईला रोज ८ मिलिग्रॅम, पुरुषाला ११ पुरतं. ४० च्या वर रोज घेत राहिलं तर शरीरातलं तांबं कमी पडतं. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जादा झालं तर उलट केस गळतात, हे "केसांच्या गोळ्या" घेणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाची खरी कमतरता दुर्मीळ आहे. दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं आणि ते साध्या जेवणातून मिळतं. कमतरता नसताना हजारो मायक्रोग्रॅमच्या गोळ्या घेतल्यानं केस वाढतात असं दिसलेलं नाही.

तापानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू झालेली गळती वेगळी समजा. धक्क्यामुळे एकदम खूप केस विसाव्याच्या अवस्थेत जातात आणि मग एकदमच सुटतात. मूळ शाबूत असतं, नवा केस खालून येतच असतो आणि बहुतेकांची गळती सहाएक महिन्यांत आपोआप ओसरते. माणूस नेमका गळती शिगेला असताना एखादा उपाय सुरू करतो, गळती तिच्या वेळेनं थांबते आणि श्रेय त्या उपायाला मिळतं. कितीतरी "रामबाण" तेलांची ख्याती अशीच झाली आहे.

मोजायचं कसं

आरशात पाहून कळत नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, कोरड्या केसांचे तीन फोटो काढा: मधला भांग, शेंडा आणि पाठीवरची लांबी. डोक्यामागे मानेच्या मध्यावरची एक बट निवडून तिची मुळापासून टोकापर्यंतची लांबी टेपनं मोजा. शेपटीचा घेर दोऱ्यानं घ्या. तुटण्यावर काम करत असाल तर तीन महिन्यांत तीन सेंटिमीटर तरी दिसायला हवेत. टाळूच्या उपायांचा निर्णय सहा महिन्यांआधी करू नका. आणि एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा, नाहीतर गुण कशाचा आणि पुरळ कशामुळे हे कधीच कळणार नाही.

तुमच्या बाबतीत, ढिगात आखूड तुकडे जास्त निघाले तर पहिले तीन महिने फक्त खोबरेल, कंडिशनर, विंचरणं आणि बांधणं यांतच बदल करा. टाळूवर काहीही नको, कांद्याचा रस तर बंदच करा.

घरी थांबू नये अशा वेळा

गोल चट्टे पडणं, टाळू दुखणं, पू किंवा खपली येणं, कातडी गुळगुळीत चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी होणं, भुवया विरळ होणं, किंवा केस विरळ होण्याबरोबर पाळी अनियमित होऊन चेहऱ्यावर केस येणं, यांपैकी काही असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मूळ कायमचं नष्ट करणाऱ्या आजारांत एकेक महिना मोलाचा असतो. लहान मुलाच्या डोक्यावर खवल्यांचा चट्टा आणि त्यात तुटलेले केस दिसले तर तो बहुधा गजकर्ण असतो. त्याला पोटातून औषध लागतं, तेल-लेपानं तो जात नाही आणि कंगवा-टॉवेलातून घरातल्या इतरांना होतो. भांग रुंदावतोय आणि घरात तसाच इतिहास आहे, तर मिनॉक्सिडिलबद्दल लवकर विचारा, कारण मूळ बारीक होत गेल्यावर ते परत जाड करणं अवघड जातं. रक्ततपासणीला जाताना बायोटिनची गोळी चालू असेल तर आधी सांगा. तिच्यामुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात, आणि केसगळतीत थायरॉइडची तपासणी हमखास सांगितली जाते.